सुरीआधी सुई : छातीत गाठ लागल्यापासून उपचार संपेपर्यंत, सांगली-मिरजेला पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी

२०१८ चा एप्रिल. तासगाव तालुक्यातल्या आमच्या गावात द्राक्षाची खरड छाटणी चालू होती. आमच्या थोरल्या जाऊबाईंना, आम्ही त्यांना आक्का म्हणतो, अंघोळ करताना डाव्या छातीत सुपारीएवढी गाठ हाताला लागली. "छाटणी उरकली की दाखवू," म्हणाल्या. छाटणी उरकली, मग लग्नं आली, मग पाऊस आला. जूनअखेर तालुक्याच्या गावातल्या एका छोट्या हॉस्पिटलात दाखवलं. "साधी गाठ दिसतीय, काढून टाकू," असं सांगून दुसऱ्याच दिवशी गाठ काढली. आठ दिवसांनी टाके निघाले आणि आम्ही सुटलो असं समजलो. काढलेली गाठ तपासायला पाठवलीच नव्हती.

चार महिन्यांनी त्याच व्रणाखाली पुन्हा गाठ आली, काखेतही एक आली. मिरजेला गेल्यावर तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "पहिल्या गाठीचा रिपोर्ट कुठाय?" आमच्याजवळ डिस्चार्ज कार्ड होतं, बिलं होती, रिपोर्ट नव्हता.

मी डॉक्टर नाही, सिस्टर नाही. आक्कांबरोबर दीड वर्ष मिरजेला जात राहिले, पुढे गावातल्या आणि नात्यातल्या आणखी काही बायकांबरोबर गेले. त्यातून एक गोष्ट पक्की समजली. छातीच्या गाठीच्या बाबतीत कामांचा एक क्रम असतो, आणि तो मोडला की पुढची सगळी वाट अवघड होते. गाठीला सुरी लागण्याआधी सुई लागली पाहिजे. हा लेख वाचून तुमच्या हाती एवढंच राहिलं तरी चालेल. बाकीचं लागेल तसं परत येऊन वाचा.

गाठ लागली त्या आठवड्यात

"दुखत न्हाई, मग कशाला जायचं?" हे मी इतक्या तोंडून ऐकलंय की आता ऐकलं तरी पोटात गोळा येतो. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही. उलट पाळीच्या आधी दोन्ही छात्या जड होतात, ठणकतात, ते बहुतेक वेळा हार्मोनमुळे असतं आणि पाळी येऊन गेली की ओसरतं. म्हणून पाळी चालू असलेल्या तरुण बाईनं एक पाळी जाऊ देऊन पुन्हा हात लावून बघितलं तर हरकत नाही. गाठ तशीच असेल तर मात्र त्याच आठवड्यात निघायचं. पाळी गेलेल्या बाईनं एक दिवसही वाट बघू नये.

गाठ नसतानाही काही खुणा तितक्याच महत्त्वाच्या असतात. छातीची कातडी एका जागी आत ओढल्यासारखी दिसणं, संत्र्याच्या सालीसारखी जाड आणि खड्ड्याखड्ड्यांची होणं, आधी नीट असलेलं बोंड आत वळणं, बोंडातून आपोआप रक्त किंवा रक्तासारखं पाणी येणं, बोंडावर खपली धरून न बरं होणारं इसब, काखेत गाठ. अंगावर पाजणाऱ्या आईच्या छातीत गळू झालं तर ते औषधानं बरं व्हायला हवं. अँटिबायोटिकचा कोर्स संपला तरी लाली आणि कडकपणा तसाच असेल तर "दुधाची गाठ असंल" म्हणून घरी बसू नका.

आणि हेही तितकंच खरं की छातीतल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. विशी-तिशीतल्या मुलीच्या छातीत बोटाखाली सरकणारी, गोटीसारखी गाठ बहुतेक वेळा फायब्रोअ‍ॅडिनोमा निघते. चाळिशीच्या आसपास पाण्याच्या गाठी होतात. त्यामुळे घाबरून लपवण्याचं काहीच कारण नाही. गाठ कसली आहे ते ठरवायचं काम मात्र आपल्या बोटांचं नाही, तपासणीचं आहे.

पुरुषांनाही हा आजार होतो, साधारण शंभरात एक रुग्ण पुरुष असतो. नवऱ्याच्या किंवा सासऱ्यांच्या छातीत बोंडामागे कडक गाठ लागली तर त्यांनाही हाच रस्ता.

कुठे जायचं

आपल्या जिल्ह्याला मिरजेसारखं दवाखान्यांचं गाव आहे, ही मोठी सोय. डॉ. विल्यम वान्लेस यांनी १८९४ मध्ये तिथं मिशन हॉस्पिटल उभं केलं तेव्हापासून कर्नाटकापर्यंतचे रुग्ण मिरजेला उतरतात. आज तिथं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, कॅन्सरसाठी वेगळं सिद्धिविनायक गणपती कॅन्सर हॉस्पिटल आहे. सांगलीत वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आहे. शिराळा-इस्लामपूरकडच्या लोकांना कराड किंवा कोल्हापूर जवळ पडतं.

पहिल्या दिवशी मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलातच गेलं पाहिजे असं नाही. जिथं एकाच छताखाली किंवा हाकेच्या अंतरावर तीन गोष्टी मिळतात तिथं जा : छाती हातानं तपासणारा जाणकार सर्जन, मॅमोग्राफी-सोनोग्राफी, आणि जाड सुईची बायोप्सी, म्हणजे सुईनं गाठीचे तुकडे काढून तपासणं, तिलाच ट्रूकट म्हणतात. या तिन्हींचं उत्तर जुळलं तरच गाठीचा निकाल लागला असं समजतात. फोन करून एकच प्रश्न विचारा, "तुमच्याकडं ट्रूकट बायोप्सी होते का?" उत्तर आडवळणाचं आलं तर दुसरीकडे विचारा.

पैशाची अडचण असेल तर आधी गावातल्या आशाताईंना गाठा. सरकारच्या कार्यक्रमात ३० ते ६५ वर्षांच्या बायकांची छातीची तपासणी दर पाच वर्षांनी करायची ठरलेली आहे. उपकेंद्रातून, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरातून, प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि तिथून सांगली-मिरजेच्या रुग्णालयात चिठ्ठी मिळते. त्या चिठ्ठीनं ओपीडीतली निम्मी विचारपूस वाचते.

निघताना

आधार कार्ड, रेशनकार्ड, जुने सगळे रिपोर्ट, जुन्या मॅमोग्राफीच्या फिल्म असतील तर त्याही, आणि चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटंच पिशवीत टाका. गोळीचं नाव आठवत बसण्यापेक्षा पाकीट दाखवणं सोपं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती आवर्जून दाखवा. कंबरेपर्यंत कपडे काढावे लागतात म्हणून साडी-ब्लाऊज किंवा सलवार-कुर्ता बरा, सलग गाऊन नको. मॅमोग्राफीच्या दिवशी काखेत आणि छातीवर पावडर किंवा सुगंधी फवारा लावू नका. त्यातले कण फिल्मवर चुन्याच्या ठिपक्यांसारखे दिसतात आणि विनाकारण शंका निघते.

एक दोनशे पानी वही घ्या आणि एक जाड फाईल. शेवटची पाळी कधी आली, पहिलं मूल कितव्या वर्षी झालं, अंगावर किती पाजलं, आई, मावशी, आत्या, बहीण यांपैकी कुणाला छातीचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला होता का आणि कितव्या वर्षी, हे सगळं घरीच लिहून न्या. माहेरच्या आणि सासरच्या म्हाताऱ्या बायकांना विचारून घ्या. "आत्याला पोटाचं काहीतरी झालं होतं" असं अर्धवट सांगण्यापेक्षा नीट चौकशी केलेली बरी. लक्षात ठेवा, वडिलांच्या बाजूचा इतिहासही तितकाच मोजला जातो.

बरोबर एक बाईमाणूस असू द्या. डॉक्टर पुरुष असतील तर तपासताना सिस्टर किंवा तुमच्याबरोबरची बाई खोलीत असावी, असं मोकळेपणानं सांगा. त्यात कुणाचा अपमान नाही. डॉक्टर बसवून, हात वर करायला लावून, मग झोपवून दोन्ही छात्या आणि दोन्ही काखा बघतात. पाच-दहा मिनिटांचं काम. फक्त गाठ दाबून बघितली आणि काख बघितलीच नाही, तर तपासणी अर्धीच झाली.

मॅमोग्राफी की सोनोग्राफी

चाळिशीच्या आतल्या बाईची छाती दाट असते. मॅमोग्राफीत दाट भागही पांढरा दिसतो आणि गाठही पांढरी, म्हणून तिथं सोनोग्राफी जास्त कामाची. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईलाही आधी सोनोग्राफी करतात. चाळिशीनंतर बहुतेक वेळा दोन्ही करतात.

मॅमोग्राफीत छाती दोन पाट्यांमध्ये दाबून एक्स-रे काढतात, प्रत्येक बाजूचे दोन. दाब काही सेकंदच असतो. पाळी आल्यापासून सातव्या ते दहाव्या दिवशी छाती मऊ असते तेव्हा केली तर कमी दुखतं. गाठ लागलेली असेल तर मात्र दिवस मोजत बसू नका. दाबल्यानं गाठ फुटत नाही, पसरत नाही.

रिपोर्टच्या शेवटी बायरॅड्स आणि पुढं एक आकडा असतो. सगळे जण तेवढाच बघून एकतर रडतात नाहीतर पेढे वाटतात, म्हणून त्याचा अर्थ सांगते. ० म्हणजे निकाल अपुरा, आणखी फोटो किंवा जुन्या फिल्म हव्यात. १ म्हणजे काही दिसलं नाही. २ म्हणजे दिसलं ते साधं आहे. ३ म्हणजे बहुतेक साधंच, कॅन्सर निघण्याची शक्यता २ टक्क्यांहून कमी, पण सहा महिन्यांनी परत बघायचं. ४ म्हणजे बायोप्सी करायची. या ४ मध्ये खूप मोठा पल्ला आहे, थोड्या संशयापासून दाट संशयापर्यंत, म्हणून त्याचे क, ख, ग असावेत तसे ए, बी, सी भाग करतात. ५ म्हणजे ९५ टक्क्यांहून जास्त संशय. ६ हा आकडा बायोप्सीत कॅन्सर आधीच ठरलेला असतो तेव्हाच लिहितात.

माझं कळकळीचं सांगणं दोन ठिकाणी आहे. ३ आला की सहा महिन्यांची तारीख तिथंच कॅलेंडरवर लिहा, कारण ती तारीख हमखास छाटणीत किंवा ऊसतोडीत येते आणि चुकते. आणि हाताला गाठ लागतेय, पण मॅमोग्राफी स्वच्छ आली, तर समाधान मानून घरी येऊ नका. मॅमोग्राफीला काही गाठी दिसत नाहीत. हाताला लागणाऱ्या गाठीचा निकाल सोनोग्राफी आणि गरज पडली तर सुई लावूनच घ्यायचा.

सुई

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडं एक समज घट्ट बसलाय : "कॅन्सरला लोखंड लागलं की तो पसरतो." आक्कांच्या सासूबाई, म्हणजे माझ्याही सासूबाई, देवासमोर बसून हेच म्हणत होत्या. त्यांना मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून समजावलं ते मी इथं लिहिते. सुईनं कॅन्सर पसरून आजार वाढतो असं होत नाही. जो पसरतो तो वेळ गेल्यामुळं पसरतो. लोकांना बायोप्सीनंतर आजार वाढलेला दिसतो, कारण बायोप्सीलाच ते फार उशिरा आलेले असतात.

सुईचे दोन प्रकार आहेत. बारीक सुईची तपासणी, एफएनएसी, इंजेक्शनच्या सुईनं थोड्या पेशी ओढून करतात. झटपट होते, स्वस्त आहे, पाण्याच्या गाठीला पुरते. पण कॅन्सर असला तर तो कुठल्या जातीचा, त्यावर कुठलं औषध चालेल, हे तिच्यातून नीट कळत नाही. त्यासाठी जाड सुईची, ट्रूकट बायोप्सी लागते. जागा बधिर करतात, कातडीवर तांदळाच्या दाण्याएवढी चीर देतात आणि स्प्रिंगच्या सुईनं शेवयांसारखे चार-सहा बारीक तुकडे काढतात. प्रत्येक वेळी स्टेपलरसारखा टक् आवाज होतो. आवाजाला दचकायला होतं, म्हणून आधी सांगून ठेवते. सोनोग्राफीत बघत बघत केली तर सुई नेमकी जागेवर जाते. नंतर दहा मिनिटं घट्ट दाबून धरायचं, टाका लागत नाही, जागा दोन-चार दिवस काळीनिळी होते. त्याच दिवशी घरी.

तुकडे फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकलेत, बाटलीवर पेशंटचं पूर्ण नाव, डावी की उजवी बाजू आणि तारीख लिहिलीय, हे स्वतः बघा. बाटली तुम्हालाच लॅबमध्ये पोचवायला दिली तर वाटेत कुठं थांबू नका आणि पोच पावती घ्या.

आधीच ऑपरेशन करून गाठ काढायला हरकत काय, असं विचाराल. हरकत अशी की गाठ साधी निघाली तर एक ऑपरेशन फुकट गेलं, आणि कॅन्सर निघाली तर ऑपरेशन अर्धवट झालं. कडेनं निरोगी भाग किती घ्यायचा, काखेतल्या गाठींचं काय करायचं, आधी केमो द्यायची का, हे सगळे निर्णय गाठ जागेवर असतानाच घ्यायचे असतात. व्रणाची जागा चुकली तर पुढं छाती वाचवणंही अवघड होतं. आक्कांच्या बाबतीत नेमकं हेच झालं. पहिली गाठ किती मोठी होती, कडा मोकळ्या होत्या का, हे सांगायला काहीच उरलं नव्हतं.

म्हणून कुणी "उद्या काढून टाकू" म्हणालं तर शांतपणे विचारा, "डॉक्टर, आधी बायोप्सी करूया का?" आणि कुठल्याही कारणानं, कुठल्याही हॉस्पिटलात शरीरातून काही काढलं, तर ते तपासायला पाठवलंच पाहिजे आणि रिपोर्ट हातात आलाच पाहिजे. दोन-तीन हजार वाचवायला तो तुकडा टाकून देऊ नका.

बायोप्सीचा पहिला रिपोर्ट काही दिवसांत येतो. कॅन्सर लिहिलेलं असेल तर पुढच्या आठवड्यात दुसरा रिपोर्ट येतो, त्यात ईआर, पीआर आणि हर-टू हे तीन शब्द असतात. ईआर-पीआर पॉझिटिव्ह म्हणजे गाठ हार्मोनवर वाढते, तिला गोळ्यांनी आवरता येतं. हर-टू ३ प्लस म्हणजे त्यावरचं खास इंजेक्शन उपयोगी पडतं. २ प्लस आलं तर निकाल अर्धवट असतो, फिश नावाची आणखी एक तपासणी करावी लागते. तिन्ही निगेटिव्ह आले तर त्याला ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात, तिथं केमोवर भर असतो. हा दुसरा रिपोर्ट आल्याशिवाय उपचार ठरवायची घाई करू नका, त्याला लागणाऱ्या दहा दिवसांनी नुकसान होत नाही.

लॅबमध्ये मेणात बसवून ठेवलेला तुकडा, ज्याला ब्लॉक म्हणतात, आणि काचपट्ट्या या पेशंटच्या आहेत. पुण्याला किंवा मुंबईला टाटाला दुसरं मत घ्यायचं झालं तर कागदाच्या रिपोर्टपेक्षा त्याच मागतात. सही करून घ्या, रुमालात गुंडाळून न्या.

पैशाचं आधी बघा, ऑपरेशननंतर नाही

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी आहे आणि आयुष्मान भारतबरोबर मिळून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार योजनेतल्या हॉस्पिटलात मिळतात. त्यात कॅन्सरची ऑपरेशनं, केमो आणि लाइट, म्हणजे रेडिएशन, येतात. हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशनकार्ड, आधार आणि बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन उपचार सुरू व्हायच्या आधी तिथं जा. मंजुरी आधी लागते. आधी रोख भरलेले पैसे नंतर योजनेतून परत मागता येत नाहीत. रेशनकार्डावर बाईचं नाव नसणं ही आपल्याकडची नेहमीची अडचण, लग्न झाल्यावर माहेरचं कमी केलेलं असतं आणि सासरचं चढवलेलं नसतं. गाठ लागली त्याच दिवशी नवऱ्यानं तहसील कचेरीत जाऊन ते काम उरकावं.

हॉस्पिटलच्या पाटीवर धर्मादाय लिहिलेलं असेल तर तिथं १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकातल्या रुग्णांसाठी राखीव असतात. समाजसेवा विभागात उत्पन्नाचा दाखला घेऊन विचारा. रेल्वेत कॅन्सर रुग्णाला उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थ्री टायर एसीचं तिकीट पूर्ण माफ असतं, सोबत्याला ७५ टक्के सवलत. हॉस्पिटलकडून त्यासाठीचा फॉर्म भरून घ्यावा लागतो. मिरजेहून रात्रीची महालक्ष्मी पकडली की सकाळी दादर, तिथून टाटा रुग्णालयाचं परळ जवळ आहे. एसटीत तर बायकांना अर्ध्याच तिकिटात प्रवास आहे.

ऑपरेशन आधी की केमो आधी

गाठ लहान, काख मोकळी, तर बहुतेक वेळा आधी ऑपरेशन. गाठ मोठी, काखेत गाठी, किंवा हर-टू पॉझिटिव्ह नाहीतर ट्रिपल निगेटिव्ह प्रकार असेल तर बरेचदा आधी केमो देऊन गाठ आक्रसवतात. सर्जन, केमोचे डॉक्टर आणि लाइटचे डॉक्टर एकत्र बसून हे ठरवतात तिथं उपचार घ्या. आधी केमो द्यायची ठरली तर गाठीच्या जागी खुणेची क्लिप बसवणार का, ते विचारा. गाठ विरघळून गेल्यावर सर्जनला जागा कशी सापडणार? आणि बाईला अजून मूल हवं असेल तर केमोच्या आधी बोला. नंतर फार उशीर होतो, आणि हा विषय डॉक्टर काढतील याची वाट बघू नका.

पेट स्कॅन, म्हणजे आजार अंगात आणखी कुठं पसरलाय का ते बघणारी तपासणी, प्रत्येकीला लागत नाही. लहान गाठ आणि दुसरा काही त्रास नसेल तर तो कशासाठी, हे विचारायला लाजू नका.

"पूर्ण काढूनच टाका" असं घरचे पुरुष पटकन म्हणतात. मला वाटतं, हा निर्णय त्या बाईचा आहे. अमेरिका आणि इटलीत १९७० च्या दशकात सुरू झालेल्या दोन अभ्यासांचे २० वर्षांचे निकाल २००२ मध्ये आले. फक्त गाठ काढून लाइट दिलेल्या आणि पूर्ण छाती काढलेल्या बायका सारख्याच जगल्या. गाठी वेगवेगळ्या जागी असतील, गाठ छातीच्या मानानं फार मोठी असेल किंवा लाइट देता येणार नसेल, तर पूर्ण काढावी लागते. आपल्याकडं आणखी एक कारण असतं, कुणी उघड बोलत नाही असं : जत-आटपाडीहून लाइटसाठी रोज यायचं कसं. त्यावर उपाय मिरजेत खोली घेण्याचा आहे, छाती काढण्याचा नाही. काढावीच लागली तर आतून भरलेली ब्रा मिळते, नवी छाती बसवण्याचं ऑपरेशनही असतं. दोन्हींबद्दल आधी विचारा.

काखेत प्रत्येकाच्या मुळातच बारीक लसिका गाठी असतात, त्या सगळ्या काढायच्या की पहिल्या दोन-चार काढून तपासायच्या, हेही विचारा. काख वरून मोकळी असेल तर थोड्याच काढून भागतं आणि हात सुजण्याचा धोका बराच कमी होतो. ऑपरेशननंतर जखमेतलं पाणी काढणारी बाटलीची नळी लावलेलीच ठेवून घरी पाठवतात. रोज एकाच वेळी पाणी मोजून वहीत लिहायचं. हात शिकवल्याप्रमाणे भिंतीवर बोटं चालवत वर न्यायचा, नाहीतर खांदा आखडतो.

शेतात काम करणाऱ्या बायकांना एक सांगते. काखेच्या गाठी काढलेल्या हाताला उसाचं पाचट कापलं, छाटणीची कात्री लागली, तर ती जखम साधी समजू नका. पू झाला की हात सुजतो आणि ती सूज नंतर सहज उतरत नाही. त्या हाताला पूर्ण बाहीचा जुना शर्ट आणि हातमोजा, कायम. हात लाल झाला, गरम लागला, की त्याच दिवशी दवाखाना.

केमोचे महिने

बहुतेकींना दोन किंवा तीन आठवड्यांच्या अंतरानं चार सलाईन, आणि त्यानंतर दुसऱ्या औषधाची चार, किंवा दर आठवड्याला एक अशी बारा. प्रत्येक वेळी आधी रक्त तपासतात, पेशी कमी असतील तर तारीख पुढं जाते. हर-टूचं इंजेक्शन साधारण वर्षभर चालतं आणि त्याआधी हृदयाची इको करावी लागते. आठ ते सोळा वेळा शीर शोधायची असते, म्हणून पोर्ट, म्हणजे सलाईनसाठी कातडीखाली बसवायची छोटी डबी, बसवण्याचा सल्ला मिळाला तर घाबरू नका.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात केस जातात. आक्कांची वेणी कंबरेच्या खाली होती. पहिल्या केमोनंतर त्यांनी स्वतःच ती कापायला लावली, मी कापली, दोघी रडलो. केमो संपल्यावर केस परत आले, थोडे कुरळे आले.

घरात थर्मामीटर हवाच. केमो चालू असताना १००.४ किंवा त्याच्या वर ताप गेला तर ती रात्र असो, पाऊस असो, हॉस्पिटल गाठायचं. पेशी खाली गेलेल्या असतात आणि ताप तासाभरात अंगावर येऊ शकतो. क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही. केमोची फाईल दारापाशी ठेवा आणि रात्री गाडी कोण काढणार ते शेजाऱ्यांशी आधीच बोलून ठेवा.

खाण्याचं फार अवघड करू नका. ताजं, शिजवलेलं, गरम. कच्ची मोड आलेली कडधान्यं, उघड्यावरचा रस नको. आमटी-भाकरी, अंडी, दूध, जे जाईल ते. पानाचं औषध देणारे, काढे देणारे घरापर्यंत येतील, आणि ते बहुतेक नात्यातलेच असतील. केमोच्या दिवसांत डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही पोटात जाऊ देऊ नका, लिव्हरवर दुहेरी भार पडतो.

लाइट

लाइट म्हणजे रेडिएशन, काही जण शेक म्हणतात. आठवड्याला पाच दिवस, बरेचदा तीन आठवड्यांत १५ वेळा, गरजेनुसार थोड्या जास्त. टेबलावर काही मिनिटं. दुखत नाही, पण उन्हानं भाजल्यासारखी कातडी काळवंडते. अंगावर काढलेल्या खुणा पुसू नका, सुती सैल कपडे घाला, सांगितल्याशिवाय मलम लावू नका. बाहेरून दिलेल्या या लाइटनं बाईच्या अंगात काही राहत नाही. घरी येऊन नातवाला मांडीवर घ्यायला काहीही हरकत नाही.

गोळ्या आणि पुढची वर्षं

ईआर-पीआर पॉझिटिव्ह असेल तर टॅमॉक्सिफेन, किंवा पाळी गेलेल्यांना लेट्रोझोलसारखी गोळी, पाच वर्षं, काहींना दहा. सगळं बरं झालं म्हणून दुसऱ्याच वर्षी गोळी सोडणाऱ्या बायका मी बघितल्यात. ही गोळी म्हणजे उपचारच आहे. टॅमॉक्सिफेन चालू असताना पाळी गेलेली असूनही अंगावरून रक्त गेलं तर लगेच दाखवा. लेट्रोझोलनं हाडं दुखतात, ठिसूळ होतात, त्यासाठी कॅल्शियम आणि हाडांची तपासणी. पहिली दोन-तीन वर्षं तीन ते सहा महिन्यांनी दाखवणं, वर्षातून एकदा मॅमोग्राफी.

गाठ नसताना

घरात कुणाला हा आजार नाही अशा बायकांसाठी : तिशीपासून आरोग्य मंदिरात हाताची तपासणी, चाळिशीनंतर डॉक्टरांशी बोलून मॅमोग्राफी. हाताच्या तपासणीला कमी समजू नका. मुंबईत टाटा रुग्णालयानं १९९८ पासून दीड लाख बायकांवर केलेल्या अभ्यासाचे निकाल २०२१ मध्ये आले. शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी फक्त हातानं तपासलं, तरी आजार लवकरच्या टप्प्यात सापडला आणि पन्नाशीपुढच्या बायकांमधले या आजाराचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले.

घरात आजार असेल तर हिशेब वेगळा. कमी वयात झाला असेल, ट्रिपल निगेटिव्ह असेल किंवा नात्यात दोघी-तिघींना झाला असेल तर बीआरसीए, म्हणजे हा आजार घराण्यात पुढं नेऊ शकणाऱ्या जनुकांची रक्ततपासणी करायची का, ते विचारा. आणि आईला ज्या वर्षी आजार झाला त्याच्या दहा वर्षं आधी, पण तिशीच्या आत नाही, मुलीची मॅमोग्राफी किंवा एमआरआय सुरू करतात. तोवर दरवर्षी डॉक्टरांकडून हाताची तपासणी.

आक्का तेव्हा ४४ वर्षांच्या होत्या. जनुकांच्या तपासणीत काही निघालं नाही, त्यांची शेवटची मॅमोग्राफीही स्वच्छ आली. त्यांच्या दोन्ही मुलींना चौतिसावं कधी लागतं ते त्यांनी फाईलच्या पुठ्ठ्यावर आतल्या बाजूनं निळ्या पेनानं लिहून ठेवलंय : थोरली २०३३, धाकटी २०३६.